सेकंड शिफ्ट, साखर ११२ आणि वेळ नाही: सवयी बसवायच्या तरी कुठून?

प्रश्न असा आलाय: वय ४१, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपला सुपरवायझर. एक आठवडा सात ते तीन, पुढचा आठवडा तीन ते अकरा. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२, बीपी १३६/८८, वजन ८२ किलो, कंबर ३८ इंच. बायको खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षिका, सकाळी बस गाठायची गडबड. वॉकिंग, जिम, डाएट, सगळं सुरू करून सोडून झालं. ‘वेळच गावत नाही बघा डॉक्टर. नेमकी सुरुवात कुठून करू?’

आधी आकड्यांचं बोलू. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १२६ किंवा त्यावर गेली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर मधुमेह. तुमची ११२ म्हणजे मधला पट्टा. बीपी १४०/९० च्या अलीकडं आहे, पण फार अलीकडं नाही. मला जास्त खटकला तो कंबरेचा आकडा. ३८ इंच म्हणजे ९६ सेंटिमीटरच्या वर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० ची धरतात, बायकांसाठी ८० ची, कारण आपली चरबी हातापायांवर कमी आणि पोटात जास्त साठते. म्हणून तर अंगानं किरकोळ दिसणाऱ्या माणसाचीही साखर वाढलेली निघते. गोळ्यांची वेळ अजून आलेली नाही, पण ‘गणपती होऊ देत, मग बघू’ म्हणायचीही नाही.

या टप्प्यावर राहणी बदलून खरंच काही होतं काय, हे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिलंय. साखर मधल्या पट्ट्यात असलेली पाचशेवर माणसं, तीन वर्षं. निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांनी खाणं आणि चालणं सुधारलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी भरलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्या गटातही फायदा जवळपास तेवढाच. आणि त्यात कुणाला जिमला धाडलं नव्हतं. बसून काम करणाऱ्यांना रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलं, साखर, मैदा, तेल कमी करायला सांगितलं, एवढंच. ज्यांचं काम मुळातच अंगमेहनतीचं होतं, त्यांना वेगळा व्यायामही नव्हता.

आता वेळेचं. तुम्ही आळशी म्हणून सगळं सुटलं असं मला वाटत नाही. ‘रोज सकाळी सहाला वॉक’ हे पेन्शनवाल्यांचं वेळापत्रक आहे. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी जी मंडळी फिरताना दिसतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना सातच्या पंचिंगची भीती नसते. तुमचा दिवस दर आठवड्याला उलटतो. सकाळी सहा म्हणजे एका आठवड्यात धावपळीची वेळ आणि पुढच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर झोपलेल्या माणसाची गाढ झोप. घड्याळाला टांगलेली सवय तुमच्याकडं टिकणार नाही, आणि ती टिकली नाही म्हणून स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

तेव्हा सवय घड्याळाला न बांधता घटनेला बांधा. दोन्ही शिफ्टमध्ये न चुकता घडतात अशा गोष्टी शोधा: गाडीला किल्ली लावणं, पंचिंग, डबा उघडणं, घरी आल्यावर अंघोळ. ‘मी व्यायाम करणार’ असं नुसतं ठरवलेलं हवेत राहतं. ‘डबा खाऊन हात धुतले की शेडला दोन फेऱ्या मारणार’ हे डोक्यात अडकतं. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. कधी, कुठं आणि कशानंतर हे आधीच ठरवलं की ऐनवेळी मनाशी हुज्जत घालावी लागत नाही, असा त्याचा सार. बाईंडरच्या दुकानातला कामगार असो की बँकेतला मॅनेजर, मी हेच सांगतो.

आणि ते ‘एकवीस दिवसांत सवय’ वगैरे डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक सवय निवडायला लावून १२ आठवडे नोंदी ठेवल्या. सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यम काळ निघाला ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर बसते, व्यायामाची उशिरा. त्यातली माझ्या आवडीची गोष्ट वेगळीच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी विशेष फरक पडला नाही. हे आपल्याकडं फार कामाचं. कारण गावाला महालक्ष्मीची यात्रा असणार, पाहुण्यांच्या घरी मटणाचं ताट पुढं येणार, पाठोपाठ दोन लग्नं असणार. यात्रेला जा, जेवा. दुसऱ्या दिवशी ‘आता मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू’ असं तेवढं म्हणू नका. तो सोमवार मी पुष्कळ पेशंटांच्या बाबतीत बघितलाय, तो येत नाही.

तर सुरुवात कुठून? तुमच्या बाबतीत मी एकच जागा धरीन: सेकंड शिफ्टचं रात्री साडेअकराचं जेवण.

अकराला शिफ्ट सुटते, घरी येऊन हातपाय धुवून ताटावर बसेपर्यंत साडेअकरा. दिवसभराची भूक असते, घरची माणसं झोपलेली, ताट झाकून ठेवलेलं. भात आमटी, दोन चपात्या, भाजी, वर शेव किंवा सकाळचं काही उरलेलं, मग मोबाइल बघत अर्धा तास, आणि झोप. रात्री उशिरा शरीर साखर नीट हाताळत नाही. दुपारी एकला खाल्लेला भात आणि तोच भात रात्री बाराला, यात रक्तातली साखर सारखी वाढत नाही, रात्री जास्त वाढते आणि जास्त वेळ वर राहते. त्यावर झोप. सकाळी उठल्यावर तोंड आंबट आणि पोट जड, म्हणून नाष्टा नको, नुसता चहा. मग दुपारी घाईत पुन्हा जास्त. एका जेवणानं पुढचे चोवीस तास बिघडतात.

ते जेवण उचलून दोन ठिकाणी ठेवायचं. मोठं जेवण घरून निघण्याआधी, दीड-दोन वाजता. दुसरं साडेसातच्या ब्रेकला, डब्यातून. आणि रात्री घरी आल्यावर फक्त वाटीभर नाचणीची आंबील किंवा ताक, फार तर एक केळं. आंबील खानापूरकडच्या घरांत नवीन नाही, तुमच्या सासरवाडीलाच विचारा कशी करतात ती. पहिले चार-पाच दिवस भूक लागल्यासारखं होईल. ती बरीचशी सवयीची भूक असते, आठवड्यात विरते. पण त्यासाठी साडेसातचा डबा भक्कम पाहिजे. तिथं कँटीनच्या वडापाववर भागवलंत तर रात्री ताट ओढलं जाणारच.

डबा कसा? चार पुडांचा असेल तर एकात जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, दुसऱ्यात मोडाची मटकी किंवा अख्खा मसूर, तिसरा पूर्ण भरून भाजी, चौथ्यात काकडी, गाजर, मुळा जे असेल ते, कोपऱ्यात शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी. भात दुपारच्या जेवणात ठेवा. येळ्ळूरच्या बासमतीच्या गावांजवळ राहणाऱ्या माणसाला भात सोडा म्हणायची माझी छाती नाही, पण एक मूद म्हणजे एक मूद. तिसऱ्या पुडाबद्दल जरा जास्त बोलतो. बेळगावच्या मार्केटमधून रोज गाड्या भरभरून भाजी गोव्याला जाते, आणि आपल्या ताटात भाजी म्हणजे तोंडीलावण्यापुरती दोन चमचे. मेथी, पालक, दोडका, पडवळ, घेवडा, कोबी, काहीही चालेल, पण वाटीभर पाहिजे. भाकरी आणि भाजी यांचं माप उलटं झालं की पोट भरतं आणि साखर हळू चढते. एवढं एक जमलं तर मोजमापाचा तराजू घरी आणायची गरज नाही.

‘जोंधळ्याची भाकरी खातो की’ असं सगळे सांगतात. किती, हे विचारलं की चार आकडा निघतो. जोंधळा चांगलाच, तंतुमय आहे, पण तोही शेवटी पिष्टच. चार भाकऱ्यांनी साखर उतरत नाही.

लोणचं, पापड, सांडगे यांचा हिशेब बीपीकडं जातो. दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा, आणि त्यात स्वयंपाकातलं, चटणीतलं, बेकरीच्या खारीतलं सगळं धरायचं. घरात मीठ कमी करा म्हणण्यापेक्षा मी सांगतो, जेवताना ताटात मीठ वाढायचं बंद करा आणि लोणच्याची बरणी टेबलावरून कपाटात ठेवा. उठून आणावं लागलं की निम्म्या वेळा माणूस उठत नाही.

आता चहा, आणि इथं मी थोडा वेळ घेणार आहे. शॉपमध्ये आलात की एक, साडेनऊला एक, कुणी सप्लायर आला की एक, जॉब रिजेक्ट झाला की डोकं शांत करायला एक, सुटताना गेटबाहेर एक, घरी एक. सहा कप. कपात दीड चमचा साखर धरली, चमचा साधारण पाच ग्रॅमचा, तर ४५ ग्रॅम. वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमपर्यंतच असावी. म्हणजे गोड पदार्थाला हात न लावता तुम्ही जवळपास दुप्पट साखर पिऊन बसता, आणि मग ‘मी गोड खातच नाही’ असं मनापासून सांगता. कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, एक तुकडा सणाला खाल्ला तर मला चिंता नाही. हे रोजचे सहा कप माझ्या डोळ्यांवर येतात.

चहा सोडा असं मी सांगत नाही. आपल्या भागात चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं, आणि सुपरवायझरनं पोरांबरोबर चहा घेतला नाही तर शॉपमध्ये त्याचा अर्थ वेगळा लागतो. तेव्हा कप तेवढेच ठेवा, माप बदला. सकाळचा पहिला तुमच्या आवडीचा, साखरेसकट. बाकीचे हाफ, कमी साखरेचे. टपरीवाल्याला दोन दिवस सांगावं लागतं, तिसऱ्या दिवशी तो तुम्हाला बघूनच तसा करतो. ही खरी सोय आहे: सवय तुमच्या जिद्दीवर न राहता त्याच्या हातावर राहते. मशीनच्या चहापासून मात्र लांब राहा. बहुतेक पावडरींत साखर आधीच मिसळलेली असते, कमी करा म्हणायची सोयच नाही. बरोबरची बिस्किटं आणि खारी घरीच ठेवली तर उत्तम. आणि सेकंड शिफ्टला रात्री आठनंतर चहा नको. घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाच तासांनंतरही अंगात असतं. नऊच्या चहाचा निम्मा भाग रात्री दोनपर्यंत तुमच्याबरोबर जागा असतो.

चालण्याचं. ‘मी दिवसभर उभाच असतो, शॉपमध्ये किती चालतो’ हे तुम्ही म्हणणार, म्हणून आधीच सांगतो. त्याचा फायदा आहेच. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होता. कंपनी एक, रस्ते एकच, फरक बसण्याचा आणि चढउतारीचा. पण मशीनजवळ उभं राहणं म्हणजे जिना चढणं नव्हे. दम थोडा वाढायला हवा. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी गती. आठवड्याला किमान १५० मिनिटं, आणि ती सलगच हवीत असं नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. जेवणानंतरचे तुकडे तर साखरेसाठी जास्त उपयोगी, कारण चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

गणपत गल्लीत कापडाच्या दुकानात काम करणारा माझा एक पेशंट आहे. गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून रोज कटकट करायचा. आता धर्मवीर संभाजी चौकाच्या बाजूला गाडी लावतो आणि पुढं चालत जातो, संध्याकाळी चालत परत. जागा शोधत गल्लीबोळांत फिरण्यात जेवढा वेळ जायचा तेवढ्यातच चालणं होतं. तुमच्यासाठी मी असं सुचवीन: डबा झाला की शेडभोवती दहा मिनिटं, आणि शिफ्ट कुठलीही असो, घरातून निघण्याआधी दहा मिनिटं. बूट गाडीच्या किल्लीजवळ ठेवा.

पण पाऊस. या भागात आरोग्याचे सगळे बेत जूनच्या पहिल्या आठवड्यात बुडतात. चार महिने संततधार, रस्त्यावर चिखल, बाहेर पडावंसं वाटत नाही, आणि वर भजी. म्हणून प्रत्येक सवयीचं पावसाळी रूप आधीच ठरवून ठेवायचं. चालणं बंद झालं की घरातला जिना, दहा मिनिटं. नाहीतर सूर्यनमस्कार, सहापासून सुरू करून बारापर्यंत. आठवड्यातून दोनदा जोर-बैठका तर हव्याच, पाऊस असो नसो. स्नायू टिकले तर साखर जिरवायला जागा राहते, चाळिशीनंतर ते आपोआप टिकत नाहीत. आनंदवाडीच्या आखाड्याला कुस्त्या बघायला गर्दी करणाऱ्या आपल्या लोकांना बैठक कशी मारायची हे मी शिकवायला नको. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहाच्या दोन फेऱ्या.

झोपेचं थोडक्यात सांगतो. सात तास, दोन्ही शिफ्टला. सेकंड शिफ्टनंतर मध्यरात्री मोबाइल हातात आला की एक वाजतो, हे मला कुणी सांगायला नको. चार्जर बेडरूममधून काढून स्वयंपाकघरात लावा. गजरासाठी दोनशे रुपयांचं घड्याळ आणा. सकाळी खोलीत उजेड येतो म्हणून जाग येत असेल तर जाड पडदा लावा. शिफ्ट बदलतानाच्या रविवारी दिवसभर झोपून काढू नका. दुपारी अर्धा तास पुरे, रात्री लवकर पडा.

तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. निपाणीच्या शेजारी राहतो आपण, तंबाखू इथं पिकते आणि इथंच तोंडात जाते. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे, तरी माव्याची पुडी कुठल्या टपरीवर मिळते ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही घेत असाल तर वर लिहिलेलं सगळं नंतर, आधी ते. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, तिथं समुपदेशक बोलतात. घरातल्या बायका मिश्री लावतात काय, तेही विचारा. ती दात घासायची पूड समजली जाते, पण ती भाजलेली तंबाखूच.

आता ताईंबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात त्या फक्त ‘बस गाठणारी बायको’ म्हणून आल्यात. वर मी जो डबा लिहिला तो कोण करणार? पाचला उठून दोन डबे, मुलांची शाळा, मग बस, आणि त्यात माझी ही नवी यादी. असं असेल तर ती सवय तुमची नाहीच, त्यांच्या अंगावर टाकलेलं आणखी एक काम आहे, आणि ते बंद पडेल. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी तुम्ही घरी असता. भाजी चिरणं, कडधान्य भिजवणं, त्याला मोड आणणं, तुमचा डबा भरणं तुमच्याकडं घ्या. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते काम रात्री उरकून ठेवता येतं. भाकरी थापायला जमत नसेल तर शेजारी विकत मिळतात, घेऊन या.

शाळेतल्या शिक्षिका माझ्याकडं वारंवार येतात त्या लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन. कारण विचारलं तर प्रवासात आणि शाळेत स्वच्छतागृहाची सोय नीट नसते म्हणून सकाळपासून पाणीच प्यायलेलं नसतं. ताईंना विचारा. बसमधून उतरल्यावर अर्धी बाटली, मधल्या सुट्टीत उरलेली, आणि स्वच्छतागृहात जाण्याची लाज न बाळगणं, ही त्यांची पहिली सवय असू दे. शिवाय हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. थकवा म्हणजे कामाचाच असं गृहीत धरून वर्षं काढलेल्या बायका मी पुष्कळ बघतो.

क्रम असा ठेवा. पहिला महिना फक्त रात्रीचं जेवण हलवणं. ते बसलं की चहाचं माप. मग डब्यानंतरच्या फेऱ्या. एकदम तिन्ही धरलीत तर तिसऱ्या आठवड्यात तिन्ही सुटतील. वजनाचं उद्दिष्ट मोठं ठेवू नका. चार-पाच किलो उतरलं तरी साखरेत फरक दिसतो. काट्यावर रोज उभं राहू नका, आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचानंतर. त्यापेक्षा पट्ट्याचं भोक बघा, ते खोटं बोलत नाही.

चालायला लागल्यावर छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, असं काही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन बसू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा. घरात आईवडिलांना मधुमेह किंवा हार्टचा त्रास लवकर झाला असेल तर चालणं वाढवण्याआधीच एकदा येऊन दाखवा.

तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. ते मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळं तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून मला फसवता येत नाही. बरोबर कोलेस्टेरॉल आणि किडनीसाठी क्रिएटिनिनही. बीपी मात्र घरी मोजत राहा, दंडावर बांधायच्या मशीनवर. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीला, बोलायचं नाही, दोनदा मोजून लिहायचं. वहीत फर्स्ट शिफ्टच्या आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यांचे आकडे वेगवेगळ्या पानांवर ठेवा. दोन पानांत फरक दिसला तर औषधाचा विचार करण्याआधी आपण तुमच्या शिफ्टबद्दल बोलू, आणि गरज वाटली तर कंपनीला द्यायला मी तसं पत्रही लिहून देईन.